थेंबताईंचं पहिलं पान

दातांच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या त्या भिंत हातात घेऊनच. म्हणजे भिंतीचा टवका. तळहाताएवढा, मागून प्लास्टर, पुढून कोवळा हिरवा. दुसऱ्या हातात दुसरा टवका, तोही हिरवाच, पण शेवाळलेल्या हौदासारखा. दोन्ही त्यांनी काउंटरवर शेजारी शेजारी मांडले.

"माझ्या बाहेरच्या खोलीला चार भिंती आहेत," त्या म्हणाल्या. "दोन अशा, दोन अशा. जे पेशंट या गडद भिंतीकडे तोंड करून बसतात ते दात न दाखवताच घरी जातात."

काउंटरमागे मालकीणबाई फिसकन हसल्या. मालक हसले नाहीत. त्यांनी रंगाच्या टेबलाकडे पाहिलं, तिथे उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून, म्हणजे दुकानातल्या सगळ्यांना नीट ऐकू जाईल इतकाच खाली आणून म्हणाले, "वहिनी, महिन्यात ही तिसरी खेप."

ती बाई म्हणजे थेंबताई. दुकान दोघा भावांचं. धाकटा स्वतःला मालक म्हणवतो, थोरला मागचं गोदाम सांभाळतो आणि घरात भांडण निघालं की डबे मोजायला जातो. थेंबताई या थोरल्याची बायको. गेली सव्वीस वर्षं पांढऱ्या रंगात गडद रंगाचे थेंब टाकून हवी ती छटा बनवायचं काम त्यांचं. ते गडद रंग बाटल्यांत असतात, त्यांना स्टेनर म्हणतात. लिटरला पिवळा इतके थेंब, हिरवा इतके, आणि सगळ्यात शेवटी काळा. काळा नेहमी शेवटी, कारण काळा एकदा पडला की माघार नाही.

"काळा जास्त झालाय," थेंबताई गडद टवका उजेडात धरून म्हणाल्या.

"ते आम्हालाही दिसतंय," मालक म्हणाले. "का झालाय ते विचारतोय."

थेंबताईंनी संगणकावर त्या छटेचं पान उघडून दाखवलं. पूर्वी हे सगळं वह्यांमध्ये होतं. वह्यांवर रंग सांडून पानं पापडासारखी झाली, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी धाकट्या जावेच्या, म्हणजे मालकीणबाईंच्या, मदतीने सव्वीस वर्षांचं ज्ञान टिपणं ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये उतरवलं. घरात त्या प्रोग्रॅमला सगळे वहीच म्हणायचे. पानावर लिहिलं होतं: काळा, लिटरला अकरा थेंब.

"अकरा लिहिलंय, अकरा टाकले," थेंबताई म्हणाल्या.

"लिहिलं कुणी?"

वहीत दुसरं कुणी लिहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी शनिवारी दुपारपर्यंत दोन नव्या बादल्या मागितल्या, पहिल्या टवक्याच्या रंगाच्या, आणि जुळल्या नाहीत तर चारही भिंती पांढऱ्या करून टाकीन म्हणाल्या. त्या गेल्यावर मालकांनी पोटातलं ओठांवर आणलं. सोमवारी रंग मिसळणाऱ्या मशीनचा माणूस टेबलाचं माप घ्यायला येणार होता. "तुम्ही काउंटरवर बसा ना, वहिनी. गादीची खुर्ची देतो. डोळ्यांना आराम. या वयात होतं असं."

या वयात होतं असं. हे बोलणाऱ्याला वाटतं आपण मायेने बोललो. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला खड्यासारखं उचलून बाजूला ठेवायचं आणि वर गादी द्यायची, हा उद्योग जगात सगळीकडे चालतो, आणि बहुतेक वेळा ती बाई गादीवर जाऊन बसतेही. कारण तिला स्वतःलाच शंका आलेली असते.

थेंबताईंनाही आली होती, तीच तर आग होती. अकरा थेंब मोजताना त्यांचा हात सहाव्या थेंबाला थबकला होता. हात म्हणाला होता, बाई, फार होतंय. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पडदा अकरा म्हणाला, आणि त्यांनी हाताचं न ऐकता पडद्याचं ऐकलं. सव्वीस वर्षं ज्या हातावर दुकान चाललं त्याला त्यांनी एका काचेपुढे गप्प बसवलं. वर मिस्त्री दारात घाई करत उभा, नमुना वाळवून न बघताच बादली गेली. ओला रंग वाळल्यावर काय गुण दाखवेल ते ओलेपणी कळत नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मालकांनी संगणकवाल्याला बोलावलं. त्याचं टोपणनाव रीस्टार्टराव. चाळिशीचा, टक्कल पडलेला, स्वभावाने गरीब माणूस. त्याच्याकडे एकच औषध होतं आणि ते तो सगळ्या रोगांवर द्यायचा. त्याने संगणक बंद केला, चालू केला, चहा घेतला आणि निकाल दिला.

"प्रोग्रॅममध्ये काही नाही, काकू. वापरणाऱ्याकडून होतं."

"कोणाकडून?"

"म्हणजे तसं नाही. बोट लागतं कधी कधी. एकदा दाबायचं ते दोनदा दाबलं जातं. एकाचे अकरा होतात."

"तीन वेळा?"

"वय झालं की बोटं थोडी," त्याने हवेत बोटं थरथरवून दाखवली.

"रीस्टार्टराव," थेंबताई म्हणाल्या, "या बोटांनी मी लिटरभर पांढऱ्यात एक थेंब सोडते आणि दुसरा अडवते. तुम्ही चहा पिताना बशीत किती सांडलात ते बघा."

मालकीणबाई पुन्हा फिसकन हसल्या. रीस्टार्टरावांनी बशी पाहिली आणि गुपचूप कपात रिकामी केली.

पण वापरणाऱ्याकडून होतं, हे वाक्य थेंबताईंच्या डोक्यात काट्यासारखं राहिलं. त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. त्या खणात अंगठे होते. थेंबताईंची पहिल्यापासूनची रीत अशी की डबा बंद करण्याआधी अंगठा रंगात बुडवायचा, एक ठसा झाकणावर, एक कोऱ्या कार्डावर, आणि कार्डावर तारीख-वेळ. झाकण गिऱ्हाइकाबरोबर जातं, कार्ड खणात राहतं. मालक या कार्डांना वहिनींचा कचरा म्हणत. थेंबताईंनी महिन्याची कार्डं टेबलावर पसरली आणि फसलेल्या तीन छटांचे ठसे वेगळे काढले.

पहिला, मिस्त्रींनी परत आणलेला फिकट निळा. सकाळी सव्वानऊ. दुसरा, वाचनालयाच्या दाराचा बदामी. सकाळी नऊ वीस. तिसरा, डॉक्टरीणबाईंचा हिरवा. सकाळी सव्वानऊ. तिन्ही वेळा दिवसाची पहिली बादली. आणि तिन्ही छटांचा नमुना आदल्या संध्याकाळी पसंत झालेला, शेवटचा काळ्याचा आकडा लिहून संगणक बंद केलेला. हिरव्याची तर पहिली बादली त्याच संध्याकाळी गेली होती, तिचं कार्ड अगदी बरोबर होतं. संध्याकाळी बरोबर असलेला रंग रात्रीत बिघडत नाही.

मग त्यांनी वहीतली तिन्ही पानं उघडली. निळ्यात काळा एकवीस. बदामीत एकतीस. हिरव्यात अकरा.

मग त्यांनी हळूच जावेला हाक मारली. "ए, इकडे ये. याच्यात तुला काय दिसतं?"

"आकडे."

"तिन्हीच्या शेपटीला काय आहे?"

"एक."

"मी म्हातारी झाले असेन, बोटं नाचत असतील. पण मग कधी दोनचे बावीस होतील, कधी तीनचे तेहतीस. हा दर वेळी एकच कोण येऊन बसतो? आणि हे बघ, काळ्याखाली एक ओळ रिकामी. मी ओळी रिकाम्या सोडते का कधी?"

"तुम्ही तर पाकिटाच्या मागच्या बाजूलाही हिशेबाने लिहिता, ताई," जाऊ म्हणाली. "म्हणजे रात्री कुणी येतं?"

"भूत असतं तर निदान दोन-तीन वेगळे आकडे टाकले असते."

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळी थेंबताई रोजच्यासारख्या बाटल्या पुसत बसल्या नाहीत. स्टूल ओढून संगणकासमोर बसल्या, दोन्ही हात काखेत घालून. आदल्या दिवशी वही बंद करताना शेवटचं पान हिरव्याचंच ठेवलं होतं. काळा अकरा तसाच ठेवलेला. जाऊ रोजच्यासारखी आली, संगणक चालू केला. साठ्याचा प्रोग्रॅम उघडला, कारण सकाळी आधी माल तपासायचा. महिन्यापूर्वी मालकांनी त्यासाठी ती पिस्तुलासारखी गन आणली होती. मांडणीवर चिकटवलेल्या पट्ट्यांवर लाल उजेड टाकायचा, टुक वाजतं, आणि आकडा आपोआप संगणकात जातो. आधी मांडणीचा नंबर, मग मालाचे.

जाऊ गन घेऊन पहिल्या मांडणीकडे वळली, पाठ पडद्याकडे. तेवढ्यात, संगणक सुरू होऊन मिनिटभर झालं असेल, वही आपली आपण उघडली. जुना संगणक, त्यामुळे ती दम खात यायची. आली ती थेट साठ्याच्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर बसली. कालचं शेवटचं पान, जसं सोडलं तसं, लिहायची उभी रेघ अकराच्या पुढे लुकलुकत.

टुक.

अकराच्या पुढे एक येऊन बसला. एकशे अकरा. रेघ खालच्या ओळीवर गेली.

थेंबताईंनी काखेतले हात काढले नाहीत. जाऊ वळली, पडदा पाहिला, "ही बया पुन्हा वर आली," असं पुटपुटत तिने वही खाली सारली, साठ्याचा प्रोग्रॅम वर घेतला आणि पहिल्या मांडणीला पुन्हा टुक केलं.

"हे रोज होतं?" थेंबताईंनी विचारलं.

"रोज नाही. कधी ही आधी येते, कधी मी आधी टुक करते. एखादं टुक वाया जातं. त्यात काय, परत मारायचं."

"वाया कुठे जातं ते बघितलंस कधी?"

जाऊ पडद्याजवळ आली. थेंबताईंनी वही वर आणली. जाऊने एकशे अकरा वाचलं, मग पहिल्या मांडणीवरचा नंबर वाचला, एक, आणि पटकन गन ठेवली. तिचा चेहरा बेस रंगासारखा पांढरा पडला. "ताई. म्हणजे मीच. हे मला सोलून काढतील."

इथे थेंबताईंना फार सोपं होतं. मालकांना हाक मारायची, बायकोकडे बोट दाखवायचं, टेबल वाचलं. बोट आपल्यावरून दुसऱ्या बाईवर सरकवून मोकळं व्हायला वेळ लागत नाही, आणि बसलेले पुरुष ते आवडीने बघतात. पण सोमवारी मग मशीनवाल्याऐवजी जावेसाठी गादी आली असती, एवढंच.

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "तू तुझं काम केलंस, मी माझं केलं. ही वही मधेच उठून आली, कालच्याच जागेवर बसली, आणि जे येईल ते गिळलं. दोष हिच्या उठण्यात आहे. हिला उठायची रीत शिकवायची."

"रीस्टार्टरावांना बोलावू?"

"त्याला बोलावलं तर तो काय करेल ते तुलाही माहीत आहे."

त्या दिवशी दुपारी मालक मालाच्या कामाला बाहेर गेले आणि दोघी जावा संगणकापुढे बसल्या. वहीच्या कोपऱ्यात दातेरी चाकाचं चिन्ह होतं, ते दोन वर्षांत कुणी दाबलं नव्हतं. जावेने दाबलं. आत ही लांब यादी निघाली. तिच्यात एक खण होता: सुरू होताना.

थेंबताईंनी चष्मा पुसला आणि बाटलीवरचं लेबल वाचावं तसा एकेक शब्द वाचला. संगणकाबरोबर आपोआप सुरू व्हावं का. सुरू झाल्यावर सगळ्यांच्या वर यावं का खाली थांबावं. उघडताना मागचं पान यावं, कोरं पान यावं, का ठरवून दिलेलं पान यावं. पान लिहायला उघडावं का नुसतं वाचायला.

"हे सगळं इथेच होतं?" जाऊ म्हणाली.

"बनवणाऱ्याने ठेवलं होतं. आपल्याला सांगणारा चहा पिऊन गेला."

मग त्यांनी रंग बनवायची रीतच तिथे लावली. एका वेळी एकच थेंब. एक गोष्ट बदलायची, संगणक बंद करून चालू करायचा, काय झालं ते कार्डावर लिहायचं. जाऊ म्हणाली, सगळं एकदम बदलून टाकू. थेंबताई म्हणाल्या, तीन बाटल्या एकदम ओतल्या आणि रंग बिघडला तर कुणाला धरशील?

पहिला थेंब: कोरं पान. चालू केलं, टुक केलं. एक आला तो कोऱ्या पानावर. छटा वाचल्या, पण दर टुकला वहीत नुसता एक लिहिलेल्या पानाची भर पडायला लागली. चार खेपांत चार पानं झाली. जाऊला हसू आवरेना. "वर्षभरात पोथी होईल, ताई."

दुसरा थेंब: खाली थांबावं. वही सुरू झाली, पण वर आली नाही, पडद्याच्या तळाशी चिमुकल्या चौकोनात बसून राहिली. टुक साठ्यात गेलं. छान. पण थेंबताईंनी वहीला वर बोलावलं तेव्हा ती पुन्हा कालच्या आकड्यावरच रेघ लुकलुकवत आली. आता गनच काय, कोपर लागलं तरी आकडा फिरणार.

तिसरा थेंब: ठरवून दिलेलं पान. यासाठी आधी पान बनवावं लागलं. त्यावर सगळ्या छटांची नावं, नावावर बोट ठेवलं की त्या छटेचं पान. चौथा: नुसतं वाचायला. लिहायचं असेल तर कुलपाचं चिन्ह दाबायचं, मगच लिहिता येईल.

सातव्यांदा संगणक बंद-चालू करताना जाऊ म्हणाली, "आपण रीस्टार्टरावांपेक्षा जास्त रीस्टार्ट केलं."

"पण प्रत्येक खेपेला काहीतरी बदलून केलं," थेंबताई म्हणाल्या.

शुक्रवारभर नवी रीत चालवून पाहिली. सकाळी वही खाली गप्प बसली, जावेने सगळ्या मांडण्या टुकटुक करून संपवल्या, मग थेंबताईंनी वहीला वर बोलावलं आणि ती छटांची यादी घेऊन आली. एकही आकडा हलला नाही. नवऱ्याला घरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बोलावल्याशिवाय वर यायचं नाही, हे फार चांगलं आहे." त्या म्हणाल्या, "तुम्हाला ते आधीपासूनच जमतं."

शनिवारी दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. मालकांनी मुद्दाम रीस्टार्टरावांनाही बोलावून ठेवलं होतं, साक्षीला असावं तसं. दोन बादल्या तयार होत्या, झाकणं बंद.

"आधी एक बघा," थेंबताई म्हणाल्या. "भावजी, तुम्ही बसा संगणकापुढे."

त्यांनी सकाळीच वहीची सुरुवात जुन्यासारखी करून ठेवली होती, आणि हिरव्याच्या पानावर शेपटीचे एक काढून काळ्याचा आकडा पुन्हा एक करून तेच पान शेवटी सोडलं होतं. मालकांनी संगणक चालू केला, साठ्याचा प्रोग्रॅम उघडला. मिनिटभराने वही उडी मारून वर आली.

"आता काळा किती आहे, वाचा."

"एक."

"भावजी, तुमच्या हाताने गन उचला. पहिल्या मांडणीला लावा."

जावेच्या हातात नाही, मालकांच्याच हातात त्यांनी गन दिली. मालकांनी पट्टीवर लाल उजेड टाकला. टुक. वळून पाहिलं.

"आता वाचा."

मालक पडद्यापाशी वाकले. "अकरा."

"कुणी लिहिलं?"

मालकांनी गनकडे पाहिलं. गन त्यांनीच विकत आणली होती, ती आल्याच्या आठवड्यातच पहिला डबा परत आला होता. सव्वीस वर्षांत नाही आणि एका महिन्यात तीन. हा हिशेब त्यांनी मांडलाच नव्हता, कारण समोर म्हातारी होणारी वहिनी सोयीची सापडली होती. रीस्टार्टरावांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, वापरणाऱ्याकडून..." मग त्यांनी वापरणारा कोण ते पाहिलं आणि उरलेलं वाक्य गिळलं.

डॉक्टरीणबाईंचं यातल्या कशातच लक्ष नव्हतं. त्यांनी हलका टवका पुढे केला. "माझ्या भिंतीचं बोला."

थेंबताईंनी झाकण उघडलं, अंगठा बुडवला आणि टवक्याच्या बरोबर मधोमध ठसा उमटवला. ओला असताना तो काळसर दिसत होता. जावेने टेबलावरचा पंखा त्याच्याकडे वळवला. दुकानात पाच माणसं एका प्लास्टरच्या तुकड्याकडे श्वास रोखून बघत उभी होती, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की इथे कुणाचा तरी जीव आलाय कंठाशी. आलाच होता.

कडा आधी वाळल्या. मग मधला भाग. ठसा फिकट होत गेला, आणखी फिकट, आणि मग सापडेना.

"कुठे लावला होता?" डॉक्टरीणबाई टवका तिरपा करून म्हणाल्या.

"मधोमध."

"दिसत नाही."

"नसायलाच पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी टवका पर्समध्ये टाकला, बादल्या गाडीत ठेवायला सांगितल्या आणि जाता जाता थेंबताईंच्या तोंडाकडे धंद्याच्या नजरेने पाहून म्हणाल्या, "डावीकडची दाढ दाखवून जा. हलक्या भिंतीकडे तोंड करून बसवते."

मालकांनी माफी मागितली नाही. या घरातले पुरुष माफी मागत नाहीत, सामान हलवतात. त्यांनी मशीनवाल्याला फोन करून सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं. मग काउंटरवरची ती गादीची खुर्ची स्वतः उचलली आणि रंगाच्या टेबलापाशी आणून ठेवली.

"बसून टाका थेंब, वहिनी."

"बसून हात अडतो, भावजी. तिच्यावर बादली ठेवा."

ठेवली. खुर्ची बादलीच्या अगदी मापाची निघाली.

रीस्टार्टराव मात्र घुटमळत राहिले. शेवटी टकलावरून हात फिरवत म्हणाले, "काकू, ते सुरू होतानाचं काय काय बदललंत ते लिहून द्याल? माझी आणखी पाच-सहा दुकानं आहेत. तिथेही लोकांकडून चुका होतात."

"लोकांकडून?"

"वहीकडून," रीस्टार्टराव म्हणाले.

थेंबताईंनी खण उघडून गुरुवारचं कार्ड काढलं. चार ओळी, एका वेळी एक थेंब, आणि खाली हिरवा अंगठा. त्यांनी ते हातात दिलं नाही. टेबलावर ठेवलं आणि कोरं कार्ड पुढे सारलं.

"बसा आणि उतरवून घ्या. आधी हात धुऊन या, बशीतला चहा अजून लागलाय."

सोमवारी सकाळी संगणक सुरू झाला. वही खाली येऊन बसली. जाऊ पहिल्या मांडणीपाशी गेली, टुक. दुसरी, टुक. शेवटची मांडणी संपवून तिने गन ठेवली आणि हाक दिली, "झालं, ताई. बोलवा तिला."

थेंबताईंनी बोट पुसलं आणि तळाच्या चौकोनावर दाबलं. पहिलं पान वर आलं. छटांच्या नावांवर, सगळ्यात वरती, त्यांनी शनिवारी संध्याकाळी नवी रीत पुन्हा लावून, कुलूप लावण्याआधी एक ओळ लिहून ठेवली होती. मालक चष्मा लावून ती वाचायला आले, वाचली, आणि डबे मोजायला गोदामात गेले.

ओळ अशी होती: हात नाही म्हणाला, तर आधी हाताचं ऐका.